आमदारांच्या बाकावरची लाल पाटी

मी बोलतेय, आमदारांच्या बाकावर ठेवलेली पत्र्याची लाल पाटी. बातमी आली तो मंगळवार होता. जेवणं नुकतीच झालेली. सभागृहात कुणी जांभया देत होतं, कुणी शेजाऱ्याच्या कानाला लागलं होतं. शिपायाने अध्यक्षांना चिठ्ठी दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. आमचे आमदार सकाळी तपासणीला म्हणून दवाखान्यात गेले होते. तिथेच त्यांचं हृदय थांबलं.

सगळे उभे राहिले. त्या शांततेत आमच्या रिकाम्या बाकावरच्या माईकचा दिवा लागला. बटण कुणी दाबलं नव्हतं. वरच्या खोलीत माईक सांभाळणाऱ्या माणसाने तो बंद केला. तो पुन्हा लागला. मी शपथेवर सांगते, मी हलले नव्हते.

माझा जन्म वीज केंद्राच्या वर्कशॉपमधला. अंगावर तीन शब्द, ‘माणूस खांबावर आहे’. चढणारा आधी तारेतली वीज तोडणारा खटका खाली ओढायचा, आपली पाटी त्यावर अडकवायचा आणि मग चढायचा. नियम एकच. ज्याने पाटी अडकवली, त्यानेच उतरून ती काढायची.

मी नानांची. नाना जुने वायरमन, मोठे थट्टेखोर. जाताना म्हणायचे, “बसा बाईसाहेब, आलोच.” आमदार तेव्हा त्यांचे जोडीदार, विशीतले वायरमन.

एकदा कुणा बड्या माणसाच्या बंगल्यावरचा समारंभ अंधारात अडकला. केंद्रात फोनवर फोन. साहेबांनी विचारलं, “वर आहे का रे कोणी?” मागून कुणीतरी म्हणालं, “एव्हाना उतरले असतील की.” साहेबांनी मला काढून टेबलावर ठेवलं आणि खटका वर केला.

नाना उतरले नव्हते.

जोडीदाराने मला खिशात घातलं, ते कायमचं. पण त्या दिवसापासून मी अधूनमधून गुणगुणते. तार गुणगुणते तशी, अगदी बारीक. ते चमकून बायकोला विचारायचे, “ऐकलंस?”

“कान वाजतायत तुमचे. जेवा बघू.”

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी असायच्या. कुठल्या तरी गावी, कुठला तरी वायरमन.

त्यांनी संघटना बांधली. निवडणुकीत दोनदा पडले, तिसऱ्यांदा निवडून आले. इतर जण पूल मागत, रस्ते मागत. हे मागत प्रत्येक खटक्याला कुलूप, किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात, आणि कंत्राटी माणसाला धड हातमोजे. त्याचं विधेयक त्यांनी स्वतः लिहिलं होतं.

“काय भाऊ, आज कुठल्या खांबावर?” मागच्या बाकावरून टोमणा यायचा.

“तुमच्याच दारातल्या. दिवे नाहीत म्हणून काल बोंब कोण मारत होतं?”

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी लेक खण रिकामा करायला आली. तीही वायरमन, कंत्राटावर. तिने मला उचललं तेव्हा कुठे माईकचा दिवा विझला. शेजारी उभा असलेला कारकून दोन पावलं मागे सरला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, मांडणारा गेला की विधेयकही जातं. अधिवेशन संपायच्या आत दुसऱ्या सदस्याने सही करून आपल्या नावावर घेतलं, तरच टिकेल.”

ती कागद घेऊन दारोदार फिरली. सगळ्यांनी चहा पाजला. “तुझे वडील म्हणजे देवमाणूस गं,” एक म्हणाले. दुसरे म्हणाले, “पक्षात विचारून सांगतो, बाळ.”

आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस. पण रजा घेतली तर कंत्राटातून नाव कटतं, म्हणून ती कामावर आहे. मला खटक्यावर अडकवून खांबावर चढली आहे. समोर नवे साहेब घड्याळ बघतायत. फोन खणखणतोय.

वाचणाऱ्यांनो, घरातले दिवे गेले तर जरा दम धरा. अंधारात बसा थोडं. लगेच फोन करू नका.

कागद तिच्या पिशवीत आहे. त्यावर अजून कुणीही सही केलेली नाही.