दहा मिनिटं पुढे

एप्रनच्या खिशात बोटांना काहीतरी गार, गुळगुळीत लागलं – घड्याळाचा सेल. संपलेला. पहाटे साडेपाचला तो काढून तिने नवा घातला होता, आणि जुना फेकायचा म्हणून हातात धरलेला तसाच कारखान्यापर्यंत आला होता. समोरच्या पट्ट्यावरून औषधाच्या गोळ्यांची पाकिटं सरकत होती. ज्यातला गोळीचा एखादा खड्डा रिकामा दिसेल ते उचलून बाजूला टाकायचं, एवढंच काम, पण नजर हलता कामा नये. सेल बोटांत फिरवता फिरवता तिला आठवलं, की काटे आपण मनगटावरच्या घड्याळाशी जुळवले. बरोबर जुळवले. अगदी बरोबर... अगं बाई!

घरातलं घड्याळ गेली आठ वर्षं दहा मिनिटं पुढे होतं. ही खोड लेकीच्या बाबांची. म्हणायचे, आपलं घर धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही. दोन वर्षांपूर्वी साधा ताप आला काय, आणि चार दिवसांत ते स्वतःच पुढे निघून गेले काय... घड्याळाला मात्र कुणी हात लावला नाही. लेक तर वजाबाकी त्याच घड्याळावर शिकली. काट्यांनी सात-पंचवीस दाखवले की खरे सव्वासात. दप्तर उचलायचं, दाराला कुलूप लावायचं, बारा मिनिटं चालायचं. साडेसातला शाळेचं फाटक बंद. या महिन्यात दोनदा उशीर झालेला, दोन्ही वेळा डायरीत लाल शेरा. तिसऱ्यांदा झाला की पालकांनी सकाळी आठला स्वतः येऊन भेटायचं, नाहीतर मुलीला वर्गात बसवणार नाहीत.

आणि आज ती नेहमीसारखे दहा वजा करणार. शहाणी माझी बाय, न विचारता करणार.

मग बरोबर का लावलं मी? मुद्दाम नाही. विसरूनही नाही, खरं सांगायचं तर... स्टुलावर उभी होते, पाय भरून आले होते, मनगटाकडे पाहिलं आणि जितके वाजले होते तितकेच लावले. पुढची दहा मिनिटं रेटायचं त्राण नव्हतं, बस. रोज उठायचं ते दहा मिनिटं आधीच दमून – कशासाठी? त्यांनी लावलेला धक्का, आणि ते नाहीत.

भिंतीवर सात-अठरा झाले होते. मोबाईल बाहेर कपाटात कुलपात. फोन फक्त साहेबांच्या केबिनमध्ये. घरासमोरच्या काकूंना एवढंच सांगायचं, की पोरीला म्हणावं, पळ. तिने हात वर केला. पट्टा सरकत राहिला. वेळेवर गेलेलं मूल वर्गात नुसतं जाऊन बसतं, उशिरा गेलेल्याकडे अख्खा वर्ग बघतो – हे लेकीनेच सांगितलं होतं, मागच्या शेऱ्याच्या दिवशी, पायमोजे काढता काढता. ‘आणि गणित अर्ध्यावर आलेलं असतं गं आई. मग उरलेलं अर्धं कळतच नाही.’ एवढं बोलून ती पाणी प्यायला गेली होती.

साहेब आले तेव्हा सात-बावीस.

“काय झालं, बाई?”

“घरी निरोप द्यायचाय. एक फोन.”

“कोण आजारी आहे?”

हो म्हणायचं. हो म्हटलं की झालं. पण जीभ वळेना – की थापा मारायचाही कंटाळा आला होता?

“कोणी नाही. आमचं घड्याळ... बरोबर झालंय.”

पट्ट्यापलीकडची फिसकन हसली. साहेबांनाही हसू आलं. “अहो, लोक बिघडलं म्हणून रडतात. नऊच्या सुट्टीत करा. आणि तुमचे दोन उशीर झालेत, लक्षात आहे ना? तिसऱ्याला रात्रपाळी.”

सात-पंचवीस. आता कुलूप लागलं असेल. सात-तीस. आता कोपऱ्यावरचं दुकान, अजून निम्मा रस्ता, आणि ही बया आरामात चालत असेल, दगडाला लाथ मारत... तिच्या हातून एक रिकाम्या खड्ड्याचं पाकीट निसटून पुढे गेलं. तिला ते दिसलंही होतं. सात-सदतीसला तिने डोळे मिटले, तेवढ्यात आणखी दोन गेली. नऊच्या सुट्टीत तिने फोन केला नाही. काय सांगायचं होतं आता?

दुपारी घरी पोचली तेव्हा लेक पलंगावर बसून गृहपाठ करत होती. डायरी टेबलावर, लाल शेरा वर येईल अशी उघडी ठेवलेली. उद्या सकाळी आठ.

“माझंच चुकलं,” लेक म्हणाली. “मी दहा वजा केले.”

“नाही गं राणी. मी बरोबर लावलं होतं.”

“हो? मग सांगायचंस ना, आज खरं आहे म्हणून.”

तक्रार नव्हती. वहीतली चूक दाखवावी तसं म्हणाली, आणि पेन्सिलीने भिंतीकडे खूण केली. “आता केलंय मी ठीक. स्टूल घेऊन.”

तिने वर पाहिलं. मनगटावर पावणेचार, भिंतीवर तीन-पंचावन्न. नऊ वर्षांच्या हातांनी काटा पुढे ढकलला होता; बाबांनी ढकलला होता तेवढाच. तिला एकदम भडभडून आलं. नको गं, म्हणावं... तू तरी नको. पण उद्या आठला शाळेत म्हणजे कामावर तिसरा उशीर. तिसरा उशीर म्हणजे रात्रपाळी. रात्रपाळी म्हणजे ही पोर या खोलीत एकटी. न गेलं तर वर्गाबाहेर.

“येशील ना उद्या?” लेकीने वहीतून मान वर न करता विचारलं. “वेळेवर ये हं. उशिरा आलीस की सगळे बघतात.”

“येईन,” ती म्हणाली.

चप्पल न काढताच ती पलंगाच्या कडेला टेकली. एप्रनमधून कुर्त्याच्या खिशात आलेला सेल मांडीला टोचत होता, तो काढावासा वाटला नाही. भिंतीवर चार वाजले. दहा वजा करायचे की नाही, हे तिला पटकन आठवेना.