दोन खांबांच्या मधला बाप

दर गुरुवारी संध्याकाळी घोडपदेवच्या व्यायामशाळेत मेलेली माणसं बोलत. जिवंत माणसं ती ऐकायला चाळीच्या जिन्यापासून नाक्यापर्यंत रांग लावत. त्या रांगेत धक्काबुक्की होई, शिव्या होत, आणि आत गेल्यावर मात्र सगळे असे गप्प बसत की जणू मेलेले तेच आहेत.

गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं होऊन गेली होती. संप संपला असं कुणी कबूल करत नव्हतं आणि चालू आहे असं कुणी दाखवू शकत नव्हतं. व्यायाम करण्याइतकं पोटात कुणाच्याच काही नव्हतं, त्यामुळे व्यायामशाळा रिकामी पडली होती. रिकामी जागा आणि रिकामी माणसं एकाच गल्लीत असली की तिथे महाराज येतोच. इथे तुळशीदास महाराज आले.

महाराजांची व्यवस्था मी स्वतः पाहिली आहे. समोर लाल कापडात गुंडाळलेले, कमरेएवढे दोन खांब, त्यांवर झेंडूच्या माळा. दोन्हींच्या बरोबर मध्ये एक स्टूल, मागे एक जाड पडदा. स्टुलावर तुमच्या घरच्या मेलेल्या माणसाचा फोटो, तो तुम्हीच घेऊन यायचा. फोटोसमोर चार हातांवर एक पाट. प्रश्न विचारणाऱ्याने पाटावर बसायचं आणि हलायचं नाही. बाकीच्यांनी त्याच्या पाठीमागे दोघादोघांच्या अरुंद रांगांत. भिंतीकडेला बसायची बंदी होती, कारण, महाराज म्हणत, "कडेनं यमदूतांची ये-जा असते."

मग दिवा मालवायचा. "वीज नाही, बटण नाही, कारस्थान नाही!" महाराज गर्जत. "आत्मा म्हणजे ध्वनी, ध्वनी म्हणजे ब्रह्म, ब्रह्म म्हणजे शांतता. म्हणून कुणी बोलू नका."

आणि फोटो खोकायचा. आधी एक कोरडी ढास, मग खोल, छाती खरवडून काढणारा खोकला, मग दम लागलेला आवाज. "काय रे पोरा..." एवढ्यावर पाटावरचा माणूस कोसळायचा. आवाज फोटोतूनच यायचा. डावीकडून नाही, उजवीकडून नाही, थेट त्या कागदाच्या तोंडातून. दक्षिणा म्हणून घरातलं एक पितळेचं भांडं ठेवायचं. पैसे महाराज घेत नसत. पैसे कुणाकडे नाहीत हे त्यांनाही दिसत होतं.

हे सगळं आमच्या ठाकूरद्वारच्या घरापर्यंत आलं ते शेवंतीमुळे. शेवंती आमच्याकडे सकाळी पोळ्या करायला येई. तिचा नवरा रघु गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. तो आता घरी होता, आणि घरी असण्याचं कारण नुसता संप नव्हता. त्याला टीबी झाला होता. पालिकेच्या दवाखान्यात औषध चालू होतं आणि गुण येत होता. तो चक्क जाड होऊ लागला होता, संपात जाड होणारा चाळीतला तो एकमेव माणूस.

त्या सकाळी शेवंतीची पोळी तव्यावर करपली. माझी बहीण दमयंती तिच्याकडे बघत राहिली.

"काय झालं गं?"

"बाई, ह्येंनी गोळ्यो बंद केल्यानी." तिने पदर डोळ्यांना लावला. "मामंजींनी सांगितला म्हणे. फोटोतसून. 'सोड ती गोळी, अंगारो लाव.' डॉक्टर सांगत होते, मध्येच सोडशात तर परत उलटात, आणि मग औषध लागू पडाचा नाय. ह्ये म्हणतत, बापाच्या शब्दापुढे तू कोण? काल खोकल्यातसून रक्त पडला."

दमयंतीने हातातली वायरींना सोल्डरचा डाग द्यायची तापली इस्त्री खाली ठेवली. ती कुठे ठेवली हे सांगायला हवं: माझ्या खुर्चीवर. कारण आमच्या घरात दुसरी जागाच नव्हती. दमू शाळेत विज्ञान शिकवायची आणि दर शुक्रवारी पहाटे चोरबाजारात जायची. तिथून ती मेलेले रेडिओ, बहिरे अँप्लिफायर, फाटक्या पडद्याचे स्पीकर आणायची. धूळ ब्रशने झाडायची, फुगलेले कंडेन्सर काढून नवे घालायची, स्पीकरचा फाटका कागद पातळ डिंकाने जोडायची. महिन्याभराने तो डबा गायला लागला की शेजारी ऐकायला येत, आणि मी उभ्याने जेवत असे. संपाच्या त्या दिवसांत तिचा माल वाढला होता. गिरणगावातल्या घरांतून एकेक वस्तू बाजारात येत होती, रेडिओ सगळ्यांत आधी. ती ते घासाघीस न करता घ्यायची.

"आवाज फोटोतून येतो?" तिने विचारलं. "शेजारून नाही?"

"नाय बाई. बरोबर मधसून."

"आणि पाटावरून हलायचं नाही?"

"हललास तर आत्मो कोपता."

"अण्णा," दमू माझ्याकडे वळली, "तुझा एक फोटो दे. आणि गुरुवारी तू मेलेला आहेस, लक्षात ठेव."

गुरुवारी मी टोपी कपाळावर ओढून शेवटच्या रांगेत बसलो. पुढे शेवंती आणि रघु होते. रघु मला नुसता पाठमोरा दिसत होता, पण पाठ सांगत होती: सदरा परत सैल झाला होता.

दमू पाटावर बसली. महाराजांनी माझा फोटो न्याहाळला.

"कोण गेला, माई?"

"थोरला भाऊ. मला दमू म्हणायचा."

"छातीनं गेला?"

"नाही, अतिशहाणपणानं."

दिवा गेला. माझा फोटो खोकला. मी आयुष्यात गिरणीची पायरी चढलो नाही, पण माझा खोकला अस्सल खात्यातला होता. "दमू पोरी," मी फोटोतून म्हणालो, "रडू नको. मी सुखी आहे. इथं तिन्ही पाळ्या चालू आहेत."

अंधारात कुणीतरी हुंदका दिला.

"अण्णा, तुझा चष्मा सापडत नाही रे."

"चष्मा... देवघरात बघ."

"देवघर आमच्याकडे नाही," मी उभा राहून म्हणालो, "आणि चष्मा माझ्या नाकावर आहे."

कुणीतरी दिवा लावला. एकदम गलका झाला. लोक फोटो पाहत आणि मला पाहत. मला वाटलं, संपलं. पण मी महाराज लोकांना कमी लेखलं होतं.

"बघा!" तुळशीदासांनी माझ्याकडे बोट रोखलं. "ह्याचा आत्मा केव्हाच गेला! हे नुसतं टरफल चालतंय!"

आणि लोकांनी मान डोलावली. माझ्या शेजारी बसलेल्या, शेवंतीच्या चाळीतल्या कमलाबाई लांब सरकल्या. "तरीच म्हटलं, एवढा पिवळा कसा," त्या पुटपुटल्या. मी जिवंत असल्याचा पुरावा देऊ शकत होतो, पण त्या गर्दीत तो कुणाला नको होता.

दमू मात्र पाटावरून उठली.

"पाट सोडू नका! आत्मा भरकटेल!"

"भरकटू दे. बघू या कुठे जातो. शेवंती, तू ह्या खांबाला कान लाव. कमलाबाई, तुम्ही त्या. अण्णा, बोल रे."

मेलेला मी आज्ञाधारकपणे खोकलो.

"बाई!" शेवंती ओरडली. "हो ह्या खांबात खोकता!"

"तुझ्या खांबात कुठचा? माझ्या खांबात आहे!" कमलाबाई.

"मी आत्ता दिव्याच्या उजेडात माळा बघितल्या," दमू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "खोकला फोटोचा आणि थरथरतात खांबांवरचे झेंडू. फोटो ढिम्म." तिने लाल कापडाला हात घातला.

"जो हात लावील त्याचा निर्वंश होईल!"

"मी लग्नच केलेलं नाही, महाराज. तुम्हाला तसदी पडायची नाही."

कापड खाली आलं. आत एक जुना, सुंदर, लाकडी स्पीकर होता. दमूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग आला, आणि मला ठाऊक आहे की त्यातला थोडा राग अगदी खाजगी होता. "ह्याचा कोपरा टवकलेला आहे. ही जोडी मी पाहून ठेवली होती. शुक्रवारी जाईपर्यंत कुणीतरी उचलली. ते तुम्हीच!" तिने पाठीमागची एक वायर उपटली.

तेवढ्यात उरलेल्या खांबातून मेलेल्या माणसाचा आवाज आला. पडद्यामागे बसलेल्याला बाहेरचं काही दिसत नव्हतं, गलक्यात धड कळतही नव्हतं, आणि त्याचा माईक चालू होता.

"भावोजी," मेलेला माणूस म्हणाला, "एक बाजू गेली वाटतं. फ्यूज बघू काय?"

व्यायामशाळेच्या भिंती पहिल्यांदा हसल्या असतील त्या तेव्हा. तात्या नावाच्या म्हाताऱ्या कामगाराने जाऊन पडदा ओढला. मागे महाराजांचा मेव्हणा चंदू माईक धरून बसला होता, शेजारी तापलेला अँप्लिफायर, आणि शेजारच्या खोलीतून दाराखालच्या फटीतून आणलेली विजेची वायर. ती ब्रह्मातून आलेली नव्हती.

दमूने वायर परत जोडली. मग कोपऱ्यातली केरसुणी आणून स्टुलावर उभी केली आणि रघुला पाटावर बसवलं. "चंदू, बोल."

"क... काय बोलू?"

केरसुणी बोलली. स्वच्छ, मधोमध, केरसुणीच्या तोंडून. रघु पाहत राहिला.

"आपल्याला दोन कान आहेत," दमू म्हणाली. "आवाज डावीकडचा असेल तर डाव्या कानाला आधी आणि मोठा लागतो, त्यावरून मेंदू जागा ठरवतो. दोन्ही बाजूंनी एकच आवाज, एकाच वेळी, सारखाच आला, तर मेंदू म्हणतो, मग हा मधलाच. आणि जे मध्ये ठेवलेलं असेल ते बोलतंय असं वाटतं. फोटो ठेवा, केरसुणी ठेवा. फक्त तुम्ही बरोबर मध्ये बसायला हवं. म्हणून पाट. ह्याला स्टिरिओ म्हणतात. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ह्यावर गाणी ऐकतात. तुमच्याकडे ट्रान्झिस्टर असतो नाहीतर भोंगा, दोन्हींत आवाज एकाच भोकातून येतो. तुम्ही हे कधी ऐकलेलंच नाही, त्यात तुमचा दोष नाही."

लोक हसत होते, पण रघु हसत नव्हता. तो उठला आणि त्याचा आवाज चढला.

"बाई, वायरी तुमच्या खऱ्या. मान्य. पण खोकला? ह्या खोकल्यावर मी लहानाचा मोठा झालो. रात्रपाळीवरून बाबा जिन्यात आले की आधी खोकला यायचा, मग बाबा. विठोबा खोकला म्हणून अख्खी चाळ ओळखायची. तो मला कळत नाही काय? तुम्ही मला शिकवू नका माझा बाप!"

दमू चंदूकडे वळली. "माईक ठेव खाली. नुसता खोक."

चंदू मान खाली घालून खोकला.

"हा कुणाचा बाप?"

"माझा," रघु म्हणाला.

"नाय रे," तात्या हळूच म्हणाला. "माझो असा."

"आमच्या ह्यांचा," मागून गुणवंती म्हणाली. तिचा नवरा संपाच्या आधीच्या साली गेला होता. मग मागच्या भिंतीपर्यंत एकेक हात वर होत गेला.

"आणि खरा कुणाचा, चंदू?"

"बाई, माझ्याच बापाचा," चंदू रडकुंडीला आला. "कार्डिंगला, कापूस पिंजायच्या खात्यात होता. मला दुसरा खोकला येतच नाही."

दमूचा आवाज आता शाळेतला राहिला नव्हता. "ऐकलंत? एवढ्या बापांचा एकच खोकला! हा आत्म्याचा आवाज नाही. तुमच्या बापांनी जन्मभर कापसाची धूळ ओढली, तिचा आवाज आहे. गिरणीने छाती घेतली, त्यावर टीबी आला, आणि त्यांना गोड सिरप देऊन परत साच्यावर उभं केलं. ते गेले कारण त्यांना औषध मिळालं नाही. आज औषध मिळतंय, फुकट मिळतंय, आणि हा माणूस तुमच्याच बापाच्या तोंडून सांगतो, ते सोड! तुमच्या दुखण्यालाच हार घालून त्याने देव केला. का? बरा झालेला माणूस परत रांगेत येत नाही म्हणून!"

महाराज तेवढ्यात पितळेच्या भांड्यांचं गाठोडं घेऊन मागच्या दाराकडे सरकत होते. तिथे शेवंती उभी होती.

"आमची कळशी खाली ठेव, मेल्या," ती म्हणाली.

"माई, शाप लागेल..."

"लाव! माझ्या नवऱ्याक मारूक निघालंस, आता काय उरला तुझ्याकडे शापाक? ठेव खाली!"

त्यांनी ठेवली. तिची एकटीचीच नाही, सगळ्यांची भांडी. तात्याने महाराजांना आणि चंदूला पोलीस चौकीपर्यंत सोबत केली, वाटेत यमदूत भेटू नयेत म्हणून.

स्पीकरची ती जोडी दमूने घरी आणली नाही, ह्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तिने ती व्यायामशाळेतच दुरुस्त करून बसवली आणि दवाखान्याच्या डॉक्टरांना टीबीवर बोलायला बोलावलं. डॉक्टर फार कंटाळवाणं बोलले. लोकांनी मध्येच क्रिकेटची कॉमेंट्री लावा अशी मागणी केली. पण सगळे शेवटपर्यंत बसले, आणि भिंतीकडेलाही बसले.

त्या गुरुवारनंतर दुसऱ्याच सकाळी रघु दवाखान्यात गेला. शेवंती बरोबर होती, आणि तात्याही, "मी आपला सोबत आलो" असं सांगत, छाती दाखवायला. डॉक्टर रघुवर भडकले. थुंकी परत तपासायला हवी, इंजेक्शनं परत सुरू, सगळा कोर्स पहिल्यापासून. आणि लागू पडेलच असं आज सांगता येत नाही. "औषध बंद करायला सांगितलं कुणी तुला?"

रघुने सदऱ्याची बाही वर सारली. महाराजाचं नाव सांगणं सोपं होतं, बापाचं त्याहून सोपं.

"कुणी नाही, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "बंद मी केली. आता चालूही मीच करतो. दंड दाखवू का?"

औषध लागू पडलं. पुष्कळ उशिरा, पण पडलं. ज्यांना पडलं नाही अशी माणसंही त्या रांगेत होती, आणि त्यांचे महाराजांपायी वाया गेलेले गुरुवार कुणाला परत देता येणार नाहीत. म्हणून सांगतो. आवाज कुठून येतो ते उठून बघा. उठू नका म्हणणाऱ्याचा संशय धरा. प्रश्न विचारल्याने मेलेलं माणूस कधीच रागावत नाही. रागावतात ते जिवंत, आणि का रागावतात ते शोधून काढा. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या मात्र शेवटच्या दिवसापर्यंत घ्या. आत्म्यांचं आत्मे बघतील; त्यांना काही घाई नसते.