चुकलेल्या पिनांची लाल पेटी

मित्रांनो, मी भोसरीच्या एका लहानशा कारखान्यातली जुनी लाल पेटी आहे. लाल म्हटल्यावर तुम्हाला टपालपेटी आठवली असेल, पण माझ्याकडे कुणी हौसेने येत नाही. आमच्याकडे गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना बनतात. ज्या पिनेचं माप चुकलं, ती माझ्या पोटात. ती चांगल्या मालात मिसळू नये म्हणून मला कुलूपसुद्धा आहे.

शेजारच्या गाळ्यातल्या मिस्त्रीने उरलेल्या पत्र्यातून मला घडवलं, वर एक फट ठेवली, लाल रंग फासला आणि मी कामाला लागले. खंडेनवमीला लेथ मशीनपासून झाडूपर्यंत सगळ्यांना झेंडूची फुलं मिळतात. मला मात्र कॉम्प्रेसरच्या मागे ढकलतात. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू?

माझी माया जडली ती भाग्यश्रीताईवर. माल तपासायचं काम तिचं, दुसऱ्या पाळीत. बाकीचे लोक चुकलेली पीन माझ्यात भिरकावायचे. ती मात्र हात फटीशी आणून अलगद सोडायची.

एक दिवस चाकणच्या मोठ्या कंपनीचा निरोप आला. आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र मिळवा, तरच नवी ऑर्डर! आमचे मालक प्रभाकरसाहेब सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "अहो, आपली पीन परदेशातल्या गाडीत जाणार. तिथला माणूस काही भोसरीला येऊन आपलं काम बघणार नाही. आपण रोज नीट काम करतो, हे त्याला कुणीतरी तिऱ्हाइतानेच सांगायला हवं ना? ऑर्डर गेली, तर दुसरी पाळी बंद करावी लागेल मला." भाग्यश्रीताईचा चेहरा उतरला. तिचं घर त्या पाळीवरच चालत होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी नुसती धांदल उडाली. जमिनीवर पिवळे पट्टे मारले, खिडक्या पुसल्या आणि मला चक्क रिकामं केलं! माझ्या पोटातला सगळा माल भंगारात गेला. वर नवा रंग चढला. "उद्या हिच्यात काही टाकायचं नाही," साहेबांनी बजावलं. "पाहुण्यांसमोर घरचं उणं कुणी काढतं का?"

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून मृदुलामॅडम तपासणीला आल्या. ताईलाही त्या दिवशी सकाळीच बोलावलं होतं. मॅडम सगळं बघत बघत माझ्यापाशी थांबल्या. कुलूप काढायला लावून आत डोकावल्या.

"महिनाभरात एकही पीन चुकली नाही?"

"एकही नाही, मॅडम!" साहेबांनी छाती फुगवून सांगितलं.

मॅडम हसल्या नाहीत. "मग तुम्हाला चुका सापडत नाहीत, नाहीतर मला दाखवायच्या नाहीत. दोन्हींत मी होकार कसा देऊ?"

साहेबांना घाम फुटला. तेवढ्यात ताई पुढे आली. तिने ॲप्रनच्या खिशातून दोन पिना काढल्या.

"चुकतात, मॅडम. ह्या आज सकाळच्याच. पेटीत टाकायच्या नव्हत्या, आणि टेबलावर ठेवल्या तर चांगल्यांत गेल्या असत्या. कुणाच्या तरी ब्रेकचा प्रश्न आहे." मग ती साहेबांकडे वळून हळूच म्हणाली, "साहेब, रागावू नका." आणि तिने त्या माझ्यात सोडल्या.

माझ्या पत्र्याला धडकी भरली. आता ताईचं काय होणार?

"मॅडम, पेटी मीच रिकामी करायला लावली," साहेब म्हणाले. "लाज वाटली मला."

मॅडमनी त्या दिवशी होकार दिला नाही. मुदत दिली. "चूक होणारच," त्या म्हणाल्या. "ती कशी पकडता आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करता, ते मला दाखवा."

मग प्रत्येक चुकलेल्या पिनेला मशीनचा नंबर आणि कारागिराचं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधायची पद्धत सुरू झाली. त्यावरून समजलं, की बहुतेक पिना एकाच मशीनवर बिघडताहेत. तिथलं धातू कापायचं झिजलेलं हत्यार बदललं. मॅडम पुन्हा आल्या, प्रमाणपत्र मिळालं आणि दुसरी पाळी टिकली.

परवा साहेबांनी हौसेने स्वतः मशीन चालवलं आणि पीन बिघडवली. ती हातात घेऊन ते ताईकडे आले. "भाग्यश्री, चिठ्ठीवर माझंच नाव लिही गं." सगळे हसले, साहेबही हसले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरी, शाळेत, कुणी आपली चूक स्वतःहून तुमच्यापुढे आणून ठेवली, तर लगेच ओरडू नका. ती आणायला किती धीर लागतो, ते मी फार जवळून पाहिलं आहे.