एकवीस ठोक्यांची शांतता

बाबा चर्चमध्ये झोपायचे. पाळकांचा संदेश, म्हणजे प्रवचन, सुरू झालं की पाचव्या मिनिटाला त्यांची मान छातीवर आणि आईचं कोपर त्यांच्या बरगडीत. त्यावर त्यांनी प्रार्थनाही रचली होती:

‘संदेशात डुलकी लागली, प्रभू, रागवू नकोस.
तुझ्या दाराशीही झोपलो, तर हाक मारून उठव.’

ते गेल्यावर माझ्या थोरल्या भावाने, दादाने, या दोन ओळींची अठरा मिनिटांची आधुनिक संगीतरचना केली. दादा परदेशातून संगीत शिकून आलाय. तेव्हापासून सरळ चाल ऐकली की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. या रचनेत आमच्या गायनमंडळीतले पुरुष नुसतं ‘सं-सं’ करत राहतात, वरच्या आवाजाच्या बायका ‘डु’वर किंचाळतात आणि शेवटच्या तीन शब्दांआधी एकवीस ठोके सगळे गप्प.

आईला ऐकू येणं झपाट्याने कमी होत चाललं होतं. तिचं एकच मागणं होतं, “कान जायच्या आत त्यांचे शब्द एकदा नीट ऐकू देत.”

“आई, शब्द म्हणजे शेवटी नादच गं.”

“मग त्यांनी घंटा वाजवली असती. कविता कशाला केली?”

दादाने एक सूरही बदलला नाही. गाढव आहे नुसता.

कार्यक्रमाला आई पहिल्या बाकावर, कानामागे तळहात धरून बसली. खालच्या आवाजाच्या आम्ही सहाजणी. त्या शांततेत दादा इशारे देणारे हात वर स्थिर धरतो; ठोके मोजते मी एकटी, बोटांच्या पेरांवर. बाकीच्या पाचजणी माझ्या अंगठ्यावर डोळा ठेवून असतात. ती शांतता आली. मोजता मोजता मी आईकडे पाहिलं. तिला एक शब्द कळला नव्हता. चेहरा एवढासा झाला होता. माझा हिशेब चुकला, अंगठा थांबला आणि पाचजणी घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या.

आईला वाटलं, पोरं शेवटचे शब्द विसरली. अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “हाक मारून उठव!”

तिच्यामागोमाग आम्ही सहाजणी तेच म्हणालो, सुराबिराचा विचार न करता. मग सगळी गायनमंडळी. दादाचे हात हवेतच राहिले. मला रडू फुटलं.

बाहेर आल्यावर तो आईलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा माझ्यावर ओरडला, “चौदाव्या ठोक्यालाच घुसलात! कुणी सांगितलं होतं?”

“मी,” आई म्हणाली. “तुझ्या त्या नादात ते केव्हाच झोपले असते. मी नाही तर कोण उठवणार?”

दादाने रचनेची वही उघडली. चौदाव्या ठोक्यावर त्याने पेन्सिलीने लिहिलं, ‘आई’.

आईने वाकून वाचलं. “आणि मी नसले तर?”

त्याने ‘आई’ खोडलं नाही. खाली लिहिलं, ‘किंवा सगळ्यांनी. स्पष्ट.’