किसनरावकाकांची लेन्स

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘भटकी मंडळी’. अमरावती-अकोल्याकडचे हौशी लोक. सुट्टी लागली की कॅमेरा गळ्यात घालून निघतात आणि रविवारी प्रत्येक जण एकच फोटो टाकतो. नियमही एकच: आधी खोट काढायची, मग कौतुक करायचं. पुण्याची एक बाई चार दिवसांत ग्रुप सोडून गेली. म्हणे, तुम्ही लोक फार भांडता. भांडत कुठं होतो बाप्पा, आम्ही तर प्रेमानं बोलत होतो!

खोट काढण्यात अमरावतीचे किसनरावकाका आम्हा सगळ्यांचे गुरू. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसिअर म्हणून रिटायर झालेले. डावा डोळा लहानपणापासून अधू, पण उजव्या डोळ्यातून काही सुटायचं नाही. मी अकोल्याच्या शाळेत चित्रकला शिकवते, पोरांना शेडिंग समजावून सांगते, तरी माझ्या फोटोतला डाग आधी काकांनाच दिसायचा. “संध्या, तुह्या आभाळात कचरा हाये. कॅमेरा पूस आधी, मंग फिर,” असं सगळ्यांसमोर लिहायचे. राग यायचा, पण खरंच असायचं ते.

दिवाळीच्या सुमारास काकांचेच फोटो बिघडायला लागले. नरनाळा किल्ल्याचा दरवाजा टाकला, तर दरवाजा धूसर आणि बाजूचं झुडूप लख्ख. पुढच्या रविवारी चिखलदऱ्याचंही तेच. काका हातानं फोकस करायची जुनी लेन्स वापरतात. “लेन्स गेली वाटते,” त्यांनीच लिहिलं.

झालं! आमच्या मंडळींना तेवढंच पाहिजे असतं. कोणी म्हणालं बुरशी लागली असन, उन्हात ठेवा. कोणी म्हणालं तांदळाच्या डब्यात ठेवा. कोणी नागपूरचा कारागीर सुचवला. धामणगाव रेल्वे या गावचा कुलदीप कापसाचा व्यापारी, मनानं राजा माणूस. त्यानं स्वतःची तसलीच लेन्स कुरिअरनं पाठवून दिली आणि लिहिलं, “काका, बिनधास्त वापरा.” त्या लेन्सनं काढलेला फोटोही धूसर आला. मग सगळ्यांचं एकमत झालं की कॅमेराच गेला. आणि खोट काढायला आता कोणाची जीभ रेटेना. “वा काका, पेंटिंगसारखं वाटते,” असलं काहीतरी गुळमुळीत लिहून सगळे पुढं जायचे.

अशात चांदूर बाजारच्या पायलनं लोणारच्या मंदिराचा फोटो टाकला. पोरगी नवीन, फोटो मात्र झकास. काळ्या दगडाचे खांब एकामागं एक, उन्हाची तिरीप. लगेच काकांची खोट आली: “खांब मधातून वाकडे आले. लेन्स बदल.”

पायलनं मला फोन केला. रडवेली झाली होती. “मॅडम, मले तं सरळच दिसून राहिले. माही लेन्स पण गेली का?”

मी फोन टेबलावर ठेवला आणि शाळेतली फूटपट्टी लावली. पहिला खांब सरळ. दुसरा सरळ. शेवटचाही सरळ. पट्टी हातात धरून मी तशीच बसले. हा फोटो काकांच्या लेन्सनं काढलाच नव्हता. त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीची बस पकडली. काका पुढच्या खोलीत लेन्सा मांडून बसले होते. भिंतीवर त्यांनीच काढलेलं सांचीचं तोरण, त्याखाली कुलदीपची लेन्स मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली. मनकर्णाकाकूंनी पाणी आणून दिलं आणि दाराशी उभ्या राहिल्या.

“काका, पायलचा फोटो तुमी मोबाइलवर पाह्यला ना?”

“हो. काहून?”

“मंग तिथं तुमची लेन्स कुठून आली?”

काका भडकले. “मास्तरीन, माही परीक्षा घ्याले आली का तू? अकोल्याहून एवढ्यासाठी आली?”

मीही कमी नाही. “हो, एवढ्यासाठीच आली! एकच डोळा हाये तुमाले. तो गेल्यावर कोनाच्या फोटोतली खोट काढसान? उठा, डाक्टरकडं चाला.”

टेबलावरच्या लेन्सा एकेक करून काकांनी झाकण लावून ठेवल्या. मग म्हणाले, “चाल.”

डॉक्टर तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. नीट तपासलं आणि विचारलं, “असं कधीपासून दिसतंय?”

“दिवाळीपासून,” काका म्हणाले.

“नाही,” मागून काकू बोलल्या. “पावसाळ्यात विहारात वर्षावासाचं वाचन चालू होतं, तवापासून. तवापासून हे माह्याशी बोलतात तं माह्या कानाकडं पाहून बोलतात. मी म्हन्लं, कंटाळला माणूस आपल्याले. काय चुकलं आपलं, तेच शोधून राहिली होती मी.” काकूंनी पदर तोंडाशी धरला.

काका त्यांच्याकडं वळले. “तुह्यं काही नाही चुकलं, मनकर्णा. तुह्याकडं सरळ पाह्यलं का तुह्या तोंडाच्या जागी काळं येते. साडी दिसते, भिंत दिसते, तूच दिसत नाही. कानाकडं पाह्यलं तं तोंड जरासं दिसते.”

“मंग मले सांगितलं काहून नाही?”

“सांगितलं असतं तं खरं झालं असतं. लेन्स गेली म्हन्लं तं लोक नवी पाठवतात. डोळा कोन पाठवन?”

माझे डोळे भरून आले. डॉक्टर हळूच म्हणाला, “डोळ्याच्या पडद्याखाली पाणी झालंय. इंजेक्शनं घ्यावी लागतील. गेलं ते सगळं परत येईल असं सांगत नाही, पण उरलेलं वाचवायचा प्रयत्न करू. आजच सुरू करू.”

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. काका बाकावर बसले. काकूंनी समोर एक खुर्ची ओढली आणि बसल्या.

“इथून दिसते का मी?”

“नाही.”

त्यांनी खुर्ची थोडी डावीकडं सरकवली. “आता?”

“नाही.”

अजून थोडी. अजून थोडी. खुर्चीचे पाय फरशीवर करकरत होते, लोक वळून बघत होते, काकूंना त्याचं काही नव्हतं. सरकत सरकत त्या पार दरवाजासमोर आल्या.

“थांब,” काका म्हणाले. “आता दिसली.”

“मावशी, रस्ता सोडा,” नर्स म्हणाली. काकू हलल्या नाहीत.