गुहेतला मलिदा

मेबल गेल्याची बातमी आली, तेव्हा तिच्या नावाचा मलिदा गुहेत मांडलेला होता.

१९६३ सालची गोष्ट. तेल अविवच्या दक्षिणेला, नेतिवोतजवळच्या एका टेकडीतल्या गुहेत, कोकणातून आणि मुंबईहून तिथं स्थायिक व्हायला आलेली चाळीसेक ज्यू माणसं वाळूत मांडी घालून बसली होती. मध्ये ताटात नवसाचा मलिदा: गुळाचे पोहे, खोबरं, फळं. मेबलचा नवरा बेझालेल पुढे, मुलगी रुथ शेजारी.

"हा खुराचा ठसा बघा," नवस बोलून घेणारा अहरोनकाका भिंतीतल्या खाचेवर हात ठेवून सांगत होता. "आपल्या प्रेषिताचा, एलियाहू हन्नबीचा घोडा इथं थांबला. मेबलबाईचा ताप मी चौथ्या दिवशी उतरवला की नाही? तापाला म्हटलं, चल नीघ. चपला घालायलाही थांबला नाही."

लोक हसले.

"पण काका, परवा परत चढला," बेझालेल म्हणाला. "इस्पितळात नेलीय तिला."

"चपला न्यायला आला असेल. नवस फेड, जातोय."

तेवढ्यात इस्पितळातले डॉक्टर एफ्राइम टेकडी चढून आले. ते हिब्रूत बोलले. रुथने ते मराठीत सांगायला तोंड उघडलं.

"पप्पा," ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात धरला.

बेझालेलला कळलं. तो ताटाकडे बघत राहिला.

"आई इथं बसली होती?" डॉक्टरांनी रुथला विचारलं.

"महिन्यापूर्वी. माझ्या लग्नाचा नवस बोलायला. दिवसभर."

डॉक्टरांनी मूठभर वाळू पांढऱ्या कागदावर पसरली आणि तिच्यावर हळूहळू श्वास सोडला. राखाडी खडे हलले. त्यांना पाय फुटले. माणसं धडपडत उठली.

"गोचीड," डॉक्टर म्हणाले. रुथ रडत रडत ते मराठीत सांगत होती. "वर वटवाघळं, खाली उंदीर. हे त्यांचं रक्त पितात, त्यातले जंतू माणसाला देतात. चावलेलं कळत नाही. ताप काही दिवसांनी आपोआप उतरतो आणि आठवड्याने परत येतो. पेनिसिलिन वेळेवर मिळालं तर बरा होतो."

बेझालेल अहरोनकडे वळला. "ताप परत येतो, ठाऊक होतं तुम्हाला?"

"सगळ्यांचाच येतो."

"मग?"

"मग माणसं परत माझ्याकडे येतात."

ताप पहिल्यांदा उतरला त्याच दिवशी मेबलचं रक्त तपासायचं होतं. ती बरी झाली म्हणून बेझालेलने दवाखाना टाळला आणि मलिद्यासाठी नारळ शोधायला तेल अविवची बस पकडली.

सात दिवसांचं सुतक संपल्यावर तो घरोघरी गेला. "देवाचे आभार घरी माना," तो सांगे. "पण ताप उतरला तरी रक्त तपासा. कुणी मी उतरवला म्हणालं, तर ताप परत का आला, हे त्याला विचारा."

रुथचं रक्त तपासून झालं. गुहेत बसलेल्यांपैकी अकरा जण अजून दवाखान्यात आलेले नाहीत.