बशी झाकलेला कप

पेटीवाल्याने आधीची दोन घड्याळं काढून तिसरं छातीवर टाचताना पिन जरा जास्तच आत घातली, तशा काकू कळवळून मागे सरल्या.

"अहो, आत माणूस आहे! उशीला टाचताय का?"

"हलू नका काकू. घड्याळ वाकडं बसलं की दरारा वाकडा."

"आणि काकू कोणाला म्हणता? माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहात तुम्ही."

"वयाने मी मोठा. जिभेने तुम्ही."

स्टुडिओत हॉस्पिटल उभं केलं होतं. चार खाटा, एक लांब पडदा आणि एक भारदस्त दार. दाराच्या पलीकडे काही नव्हतं, नुसत्या उघड्या फळ्या. काकूंना त्या दाराशी उभं राहून नायिकेला अडवायचं होतं. नायिका आजारी आईला भेटायला येणार, आणि हेडनर्स झालेल्या काकू म्हणणार, "वेळ संपली. आता निघा." एवढंच. पण बावीस वर्षांत हे पहिलं वाक्य होतं.

बावीस वर्षं काकू गर्दीत उभ्या होत्या. कधी बाजारात, कधी लग्नात, कधी कुणाच्या मयताला. एका सिनेमात त्यांचं कोपर दिसलं होतं. घरच्यांनी तिकिटं काढून ते कोपर पाहिलं आणि मुलगा म्हणाला, "आई, छान काम केलंस." त्या दिवसापासून घरात कोपराचं नाव काढायची सोय नव्हती. या खेपेला काकूंनी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की चेहरा दिसणार आहे आणि आवाजही येणार आहे.

आणि आता चार टेक झाले तरी दिग्दर्शक मान हलवत होता.

दिग्दर्शक तरणाताठा, बोलायला गोड. गोड माणूस नाही म्हणतो तेव्हा जास्त लागतं. "काकू, तुमच्याकडे बघून भीती नाही वाटत हो. नायिका उंच, तुम्ही लहानखुऱ्या. पेटीवाले, अजून काहीतरी द्या ना यांना."

पेटीवाल्याची लोखंडी पेटी म्हणजे अख्खं जग. त्यात राजाची अंगठी होती, चोराची बॅटरी होती, न्यायाधीशाचा चष्मा होता. त्या पेटीवर तो कोणाला बसू देत नसे. एकदा खुद्द नायक बसला होता, त्यालाही उठवलं होतं. त्या पेटीतून आधी उंच टोपी निघाली. मग जाड काड्यांचा चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, खिशाला तीन पेनं, छातीवर बिल्ला आणि शेवटी हातात एक रूळ.

काकूंनी आरशात पाहिलं. नाकापेक्षा मोती जड झाला होता. चालताना किल्ल्या खुळखुळत, चष्मा घसरे, आणि तो सावरायला गेलं की रूळ पडे. पाचव्या टेकला नायिकेला हसू फुटलं. बिचारीने तोंडावर हात धरला, पण खांदे हलायचे थांबेनात.

"आणखी एकदा बघू," दिग्दर्शक घड्याळाकडे बघत म्हणाला. "नाहीतर मग उंच बाईंना उभं करू."

उंच बाई लांब भिंतीशी उभी होती. काकूंचीच मैत्रीण, गर्दीतलीच. पण कपडेपटातल्या मुलीने तिच्या डोक्यावर माप घ्यायला दुसरी टोपी ठेवलीसुद्धा होती, आणि टोपी तिला शोभत होती. काकूंनी ते पाहिलं.

त्यांनी रूळ खाली ठेवला. मग चष्मा. मग किल्ल्या.

"काय करताय?" पेटीवाला पुढे आला.

"सामान उतरवतेय. हमालाला कोणी भीत नाही." टोपी काढून त्यांनी केस चापूनचोपून बसवले. छातीवरचं घड्याळ तेवढं राहू दिलं. "मला एक टेबल द्या, एक खुर्ची द्या. आणि एक कप, वर बशी झाकलेला."

"चहा पिणार? आत्ता?"

"पिणार नाही. नुसता असू दे."

दिग्दर्शकाच्या कपाळावर आठ्या आल्या. "काकू, नर्स ड्यूटीवर आहे. चहाचं काय मधेच?"

"साहेब, रागावू नका, अडाणी बाईचा एक प्रश्न आहे. तुमच्या घरी कोणाच्या चहावर बशी झाकतात?"

त्याने जरा विचार केला. "आजीच्या."

"ती ओरडते का हो सगळ्यांवर?"

"नाही." त्याला हसू आलं. "गरजच पडत नाही तिला."

काकू टेबल कुठे हवं ते दाखवू लागल्या. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. सासरी अकरा माणसं होती, आणि चहा सगळ्यांना मिळायचा. पण बशी एकाच कपावर झाकली जायची, थोरल्या जाऊबाईंच्या. त्या कधी येतील ते कोणी विचारत नसे. त्या येईपर्यंत कप चुलीच्या उबेला धरायचा आणि वाट बघायची. हे काम धाकटीचं, म्हणजे काकूंचं. जाऊबाईंनी कधी आवाज चढवला नाही की कमरेला किल्ल्या लावल्या नाहीत. पुढे सून आली तेव्हा काकूंना वाटलं होतं, चला, आता आपली पाळी. पण सून सकाळी सातलाच कामावर जाते, आणि हल्लीच्या कपांना बशाच नसतात. इथे सेटवर तर गर्दीच्या वाट्याला किटलीचा तळ. तोही उरला तर.

पेटीवाल्याने पांढरा कप आणून ठेवला आणि वर बशी पालथी घातली.

"रिकामाच ठेवतोय हं. कॅमेरा आत डोकावत नाही."

"माहीत आहे. मीही कुठे डोकावणार आहे?" त्यांनी बशी बोटाने अर्धा इंच सरकवली, कपाच्या मधोमध बसवली. "हं. आता कोणीतरी झाकल्यासारखी वाटते."

सहावा टेक. नायिका धावत आली. "फक्त पाच मिनिटं. मी फार लांबून आलेय."

काकू खुर्चीवरून उठल्या नाहीत. समोरच्या वहीत काहीतरी लिहीत होत्या, ती ओळ त्यांनी पुरी केली. मग बशीला बोटाची पाठ लावली, अजून गरम आहे ना बघावं तशी, आणि हात काढून घेतला. आधी हिचं निस्तरू, चहा कुठे पळत नाही.

"वेळ संपली," त्या वहीकडे बघतच म्हणाल्या. "आता निघा."

नायिकेने इथे वाद घालायचा होता, तसं लिहिलेलं होतं. ती एक पाऊल मागे सरली. "बरं," ती म्हणाली. हे कोणी लिहिलेलं नव्हतं.

"कट!" दिग्दर्शक उठून उभा राहिला होता. "ते 'बरं' राहू दे. राहू दे ते!"

उंच बाईने डोक्यावरची टोपी काढली आणि भिंतीशी उभ्या उभ्याच टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या आधी.

काकू मापात हसल्या. मग कपडेपटात जाऊन गणवेश उतरवला, आपले कपडे घातले आणि चहाच्या टेबलाशी गेल्या. चहावाल्याने किटली वाकडी करून दाखवली.

"संपला, काकू. आधी आला असतात तर."

"आधी मी हॉस्पिटल चालवत होते," काकू म्हणाल्या आणि निघाल्या.

छातीवरचं घड्याळ परत करायचं होतं. पेटीवाला पेटीजवळ नव्हता. पेटीवर मात्र तोच पांढरा कप, तशीच बशी झाकलेली. काकूंनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. सामान उघड्यावर टाकून गेला, म्हातारा झाला माणूस. कप आत ठेवावा म्हणून त्यांनी बशी उचलली.

वाफ वर आली.

काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पेटीवाला लांब पाठमोरा उभा होता, पडद्याची दोरी गुंडाळत होता. ती दोरी मघाच गुंडाळून झालेली त्यांनी पाहिली होती.

त्यांनी बशी परत झाकली. मधोमध. मग कप जरा बाजूला सरकवून त्या पेटीवर बसल्या, ऐसपैस. कोण बसलं ते बघायला पेटीवाला वळला. पाहिलं, आणि पुन्हा दोरी सोडून पहिल्यापासून गुंडाळायला लागला.

चहाची काही घाई नव्हती.